हर्नचा जपान आणि एक स्मित

परदेशाविषयी लिहिणाऱ्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : पाहून परतणारे आणि राहून लिहिणारे. नवलाई ओसरल्यावर जे उरते ते दुसऱ्या वर्गातील लेखकाने सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. लाफ्काडिओ हर्न या वर्गातील. १८५० साली एका ग्रीक बेटावर जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला आणि अमेरिकेत वृत्तपत्री लेखणी झिजविलेला हा गृहस्थ १८९० मध्ये जपानात आला. मात्सुए येथे त्याने इंग्रजी शिकविले, कोइझुमी सेत्सु हिच्याशी संसार थाटला आणि १८९६ साली कोइझुमी याकुमो या नावाने तो जपानी नागरिक झाला. १९०४ मध्ये तोक्योतच त्याचा अंत झाला.

त्याचे ‘ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान’ हे पुस्तक १८९४ चे. मात्सुएची सकाळ त्यात कानांनी अनुभवावयाची आहे : तांदूळ सडणाऱ्या मुसळाचे जड ठोके, मग देवळाची घंटा, फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि उगवत्या सूर्याला वंदन करणाऱ्यांच्या टाळ्या. असे वर्णन धावत्या प्रवाशाच्या हातून होणे नाही.

याच पुस्तकात जपानी स्मितावर एक प्रसिद्ध निबंध आहे. योकोहामातील एका परदेशी कुटुंबातील आया हसतमुखाने येऊन नवरा वारल्याचे सांगते, अंत्यविधीसाठी रजा मागते आणि संध्याकाळी अस्थींचे पात्र दाखवितानाही हसते. मालकीणबाईंना हे निर्दयपणाचे वाटते. हर्न उलगडा करतो : आपल्या दुःखाचा भार दुसऱ्यावर पडू नये, हा बालपणापासून अंगी बाणविलेला शिष्टाचार त्या हास्यामागे आहे. दुसरी कथा एका व्यापाऱ्याच्या पदरी असलेल्या वृद्ध सामुराईची. मालक अद्वातद्वा बोलतो, तरी म्हातारा हसून वाकतच राहतो. अखेर मालक हात उगारतो. तलवार क्षणभर उपसली जाते, पुन्हा म्यान होते, आणि म्हातारा पुढे आत्मघात करतो.

हर्नचा उलगडा मार्मिक आहे, पण मला तो अपुरा वाटतो. दोन्ही कथांतील हसणारी माणसे चाकर आहेत आणि समोर उभा आहे तो परदेशी धनी. ज्याच्या मर्जीवर रजा आणि पगार अवलंबून, त्याच्यापुढचे हास्य निव्वळ संस्कृतीचे फळ मानता येईल काय? हर्न स्मिताचा अर्थ सांगतो. त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र त्याच्या कथाच सांगून जातात. जुन्या जपानवरील त्याचे प्रेम इतके उत्कट, की जिथे दडपण आहे तिथेही त्याला सौंदर्यच आधी दिसते.

त्याच्या थोरवीची खूण अशी, की ही दृष्टी गोठली नाही. १९०४ च्या ‘जपान : ॲन अटेम्प्ट ॲट इंटरप्रिटेशन’ या अखेरच्या ग्रंथात तो तिहेरी दडपणाची चर्चा करतो : वरिष्ठांचे, बरोबरीच्यांचे आणि हाताखालच्यांचेही. शिष्टाचाराला पोलादी चौकट असते, हे तो चौदा वर्षांच्या सहवासानंतर लिहितो.

नोकरीनिमित्त परप्रांतात वर्षे काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे दोन ग्रंथ लागोपाठ वाचावेत. ‘या लोकांचा स्वभावच असा’ असे म्हणून आपण सहज मोकळे होतो. आपल्या दाराशी येणारा दूधवाला, कचेरीतला शिपाई आपल्याशी जसा वागतो तसाच स्वतःच्या घरीही वागतो काय, हा प्रश्न मग मनात आल्यावाचून राहत नाही.