कॅप्टिव्ह विमा: घरचाच विमा, घरचीच जोखीम

मोठ्या कंपनीने विमा घ्यावाच कशाला? प्रश्न खुळचट वाटतो, पण १९९३ मध्ये नील डोहर्टी आणि क्लिफर्ड स्मिथ यांनी 'जर्नल ऑफ अप्लाइड कॉर्पोरेट फायनान्स'मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमबद्दल (म्हणजे बीपी) लिहिलेल्या निबंधात नेमका तोच विचारलाय. निबंध उत्तम आहे. तरी त्यात एक फट आहे, आणि आज तुम्हाला ती दाखवायची आहे.

आधी संकल्पना. कॅप्टिव्ह म्हणजे एखाद्या उद्योगाने स्वतःच्या जोखमीसाठी काढलेली स्वतःचीच विमा कंपनी. हे नाव १९५० च्या दशकात ओहायोतल्या फ्रेडरिक रीस यांनी दिलं. त्यांच्या ग्राहक असलेल्या पोलाद कंपनीच्या काही खाणींचा माल फक्त तिच्याच कारखान्यांना जायचा आणि त्या खाणींना 'कॅप्टिव्ह' म्हणत. तोच शब्द त्यांनी विम्याला लावला.

फायदे सरळ आहेत. बाजारातल्या हप्त्यात अपेक्षित दाव्यांशिवाय विमा कंपनीचा खर्च, दलाली आणि नफाही असतो. तुमचे अपघात कमी असतील तर त्यातला बराच पैसा घरात राहतो. पुनर्विमा कंपन्यांशी थेट व्यवहार करता येतो. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत झालं तसं, दायित्व विमा परवडेनासा झाला किंवा मिळेनासाच झाला, तर निदान हा दरवाजा उघडा असतो.

तोटा समजायला थोडं गणित लागतं. समजा, एका दुकानाला वर्षात आग लागण्याची शक्यता १०० मध्ये १ आहे. विमा कंपनीकडे अशी एकमेकांपासून स्वतंत्र १०,००० दुकानं असतील, तर सरासरी १०० आगी लागतील आणि प्रमाण विचलन साधारण १० असेल. म्हणजे अंदाज दहा टक्के इकडेतिकडे. तुमच्या कॅप्टिव्हकडे १००च दुकानं असतील, तर सरासरी १ आग आणि विचलनही जवळपास १. एखाद्या वर्षी शून्य, एखाद्या वर्षी तीन. ही अनिश्चितता झेलायला भांडवल अडकवून ठेवावं लागतं, वर परवाना, विमागणिती आणि लेखापरीक्षण यांचा खर्च. आणि सगळी दुकानं एकाच पूररेषेत असली, तर 'स्वतंत्र' हा शब्दच गळून पडतो.

आता बीपीकडे वळू. समज असा की कंपनीने छोटं नुकसान स्वतः सोसावं आणि मोठ्याचा विमा घ्यावा. बीपीने उलट केलं. साधारण एक कोटी डॉलरपर्यंतच्या नुकसानीसाठी बाहेरचा विमा घ्यायला मुभा आणि त्यावरचं मुख्यतः स्वतःकडे. डोहर्टी-स्मिथ यांचं समर्थन पटण्यासारखं आहे: छोटे दावे हाताळण्यात विमा कंपन्या तरबेज असतात, पण प्रचंड नुकसानीपुढे विमा बाजारच तोकडा पडतो. तेलविहिरींबद्दल बीपीला जास्त कळतं, आणि भागधारकांनी पैसा अनेक कंपन्यांत विभागलेला असल्याने एकीचा फटका त्यांना झेपतो.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझनवर स्फोट झाला. ११ कामगार गेले. बीपीचा एकूण खर्च पुढे ६५ अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचला. जुपिटर नावाची त्यांची कॅप्टिव्ह होती, पण एका घटनेसाठी तिची कमाल मर्यादा सुमारे ७० कोटी डॉलर होती. बीपीने लाभांश थांबवला आणि त्याची झळ ब्रिटनमधल्या पेन्शन फंडांपर्यंत पोहोचली.

हा अपघात कॅप्टिव्हमुळे झाला, असं मी म्हणत नाही. एवढी रक्कम कुठल्याच विमा बाजाराने दिली नसती, म्हणजे निबंधाचं गणित तसं खरंच ठरलं. माझा आक्षेप वेगळा आहे. जास्त कळणं आणि त्रयस्थ असणं या दोन गोष्टी निबंधात एक होऊन जातात. बाहेरचा विमेकरी हप्ता वाढवतो, तपासणी मागतो, प्रसंगी नाही म्हणतो. घरची कंपनी मालकाला 'नाही' कशी म्हणणार? दुसरं म्हणजे हिशेब भागधारकांचा मांडलाय. प्लॅटफॉर्मवरचा कामगार किंवा लुइझियानाचा कोळंबीवाला आपली जोखीम दहा कंपन्यांत विभागू शकत नाही.

छोट्या उद्योगांत हा 'नाही' म्हणणारा माणूस नसणं आणखी महागात पडतं. अमेरिकेत छोट्या विमा कंपनीला ठराविक मर्यादेपर्यंतच्या हप्त्यावर करसवलत आहे. १९८६ च्या कायद्यात मर्यादा १२ लाख डॉलर होती, २०१७ मध्ये २२ लाख झाली. ॲरिझोनातल्या एका सराफ जोडप्याचा विम्यावरचा खर्च पूर्वी वर्षाला दीड लाख डॉलरच्या आसपास होता. कॅप्टिव्ह काढल्यावर तो दहा लाखांपुढे गेला. कर खात्याची चौकशी सुरू होईपर्यंत एकही दावा नाही! २०१७ मध्ये टॅक्स कोर्टाने निकाल दिला की हा विमाच नव्हे. जोखीम पुरेशी वाटली गेलेलीच नव्हती आणि कारभारही विमा कंपनीसारखा नव्हता. पैसा या खिशातून त्या खिशात, एवढंच.

म्हणून कुणी तुम्हाला कॅप्टिव्हचे फायदे सांगू लागलं, तर तीन गोष्टी विचारा. जोखमी किती आणि खरोखर स्वतंत्र आहेत का? करसवलत काढून टाकली तरी हिशेब जमतो का? आणि हप्ता ठरवताना तुम्हाला 'नाही' म्हणू शकेल असा बाहेरचा कोण आहे? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर पहिल्या दोनांची उत्तरंही जरा जपूनच ऐका.