घडीतली अचूकता

2014 साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात जेम्स सिबुल्स्की, जेम्स क्लेमेंट्स आणि मनु प्रकाश या स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक शोधनिबंध आला. विषय होता कागद दुमडून केलेला सूक्ष्मदर्शक, म्हणजेच ‘फोल्डस्कोप’. निबंधाची भाषा आकड्यांची आणि कोरडी आहे. वजन 8.8 ग्रॅम, सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत. मग त्याच निर्विकार सुरात लेखक सांगतात, की हे यंत्र तीन मजल्यांवरून पडलं किंवा कुणाच्या पायाखाली आलं तरी टिकतं. प्रयोगशाळेच्या कपाटाबाहेरचं जग इथे निबंधात शिरतं.

सर्वांत सुंदर भाग रचनेचा आहे. एरवी भिंग, नमुना आणि प्रकाश एका रेषेत राहावेत म्हणून धातूचा जड सांगाडा आणि स्क्रू लागतात. इथे तीन कागदी थर एकमेकांत असे अडकतात, की घडी नीट पडली तर रेषा आपोआप जुळते. अंगठ्यांनी थर सरकवला की दृश्य सरकतं. कागद किंचित ताणला की प्रतिमा स्पष्ट होते. कागदाचं लवणं हा एरवीचा दोष, इथे तीच यंत्रणा.

भिंग मात्र जुन्या घराण्यातलं. सतराव्या शतकात डेल्फ्टच्या लेवेनहुकने असंच एकच इवलं भिंग डोळ्याशी धरून जिवाणू पाहिले. पण उत्तम भिंगं घडवायची रीत त्याने गुप्त ठेवली. त्याची अचूकता त्याच्या हातात होती. या निबंधात ती घडीच्या रेषांत उतरते आणि कुणालाही वाचायला खुली होते.

एक आकडा मात्र सावधपणे वाचावा. 2,000 पटींहून अधिक वर्धनाशेजारी 800 नॅनोमीटरची विभेदनक्षमता दिली आहे. त्याहून बारीक तपशील सुटा दिसत नसेल, तर काहीशे पटींपुढे चित्र फक्त मोठं होतं, नवं काही दाखवत नाही. नंतर विद्यार्थ्यांपर्यंत पोचलेला संच 140 पटींचा आहे. तळ्यातल्या थेंबातले सूक्ष्मजीव पाहायला तो पुरतो.

निबंधातल्या नमुन्यांत रोगजंतूंचा भरणा आहे, कारण लेखकांची नजर निदानावरही होती. तरी शिक्षणाच्या दृष्टीने फोल्डस्कोपचं मोल घडीतच आहे. तयार यंत्रात प्रतिमा धूसर झाली की विद्यार्थी शिक्षकांना हाक मारतो. स्वतः दुमडलेल्या यंत्रात कुठला थर सरकला हे तो आधी पाहतो, आणि संशोधनाची पहिली सवय तिथेच लागते.