वाणीचे मोल : विज्ञानकथेतील पशुपात्रे

पंचतंत्रातील करटक व दमनक हे कोल्हे राजनीतीवर बोलू लागतात, तेव्हा त्यांना वाणी कोठून प्राप्त झाली असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तेथे वाणी हा कथेचा संकेत आहे. विज्ञानकथेने मात्र हा प्रश्न आपण होऊन ओढवून घेतला आहे. तिच्यातील पशू बोलतो, कारण कोणीतरी त्याला बोलते केलेले असते. आणि ज्याने बोलते केले त्याच्याकडे त्या वाणीचे उत्तरदायित्वही जाते. याचा विसर पडलेला लेखक प्रयोगशाळेत घडणारी नीतिकथाच लिहितो, असे म्हणावयास हरकत नाही.

एच. जी. वेल्स यांच्या ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ (१८९६) या कादंबरीत हे उत्तरदायित्व प्रथमच उग्र रूपात उभे राहिले. मोरो शस्त्रक्रियेने पशूंना मनुष्याकृती देतो. चार पायांवर चालू नये, पाणी चाटून पिऊ नये, असे निर्बंध ते जीव एकत्र बसून घोकतात. त्यांच्यातील माणुसकीचा पाया म्हणजे वेदनेची दहशत होय. मोरोच्या मृत्यूनंतर त्यांची वाणी हळूहळू विरत जाते, तो भाग वेल्स यांनी विलक्षण संयमाने लिहिला आहे. तथापि यांतील एकाही जीवाच्या मनात आपला प्रवेश होत नाही. प्रेंडिकच्या किळसेतूनच ते आपल्याला दिसतात.

ही उणीव ओलाफ स्टेपल्डन यांच्या ‘सिरिअस’ने (१९४४) भरून काढली. ट्रेलोन हा शास्त्रज्ञ एका कुत्रीच्या गर्भावर संप्रेरकांचा प्रयोग करून मानवी बुद्धीचे पिल्लू जन्मास घालतो, आणि वेल्समधील आपल्या घरी प्लॅक्सी या स्वतःच्या मुलीबरोबर ते वाढवितो. स्टेपल्डन यांचे श्रेष्ठत्व असे की, त्यांनी बुद्धी दिली पण हात दिले नाहीत. लिहावयाचे तर सिरिअसला पंजाला लेखणी बांधून घ्यावी लागते. त्याचे उच्चार घरच्या माणसांनाच उमगतात. मेंढपाळाकडे कामाला राहिल्यावर तर आपल्याला बोलता येते हेच त्याला लपवावे लागते. उलटपक्षी, गंधाचे जे विश्व त्याला खुले आहे, त्याची प्लॅक्सीला कल्पनाही करता येत नाही. देहाचा असा अडसर प्रत्येक प्रसंगात जाणवत राहिल्यामुळेच त्याचे दुःख खरे वाटते. आत्मतत्त्वाची चर्चा लांबते तेथे मात्र कुत्रा दूर सरतो आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक बोलू लागतात. हा दोष लहान नव्हे.

बुल्गाकोव यांनी १९२५ साली लिहिलेल्या, परंतु सोव्हिएत देशात १९८७ पर्यंत अप्रकाशित राहिलेल्या ‘कुत्र्याचे हृदय’ या कथेत हाच व्यवहार उलटा होतो. मॉस्कोतील बेवारस शारिक कुत्रा असताना मनातल्या मनात मोठे रसाळ बोलतो. मनुष्याची ग्रंथी बसविल्यावर त्याला खरोखर वाचा फुटते आणि तिच्यातून शिव्या बाहेर पडतात.

‘सिरिअस’ मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकापुढे हा सारा प्रश्न व्याकरणाच्या रूपाने येतो. मराठीत कुत्री विते आणि स्त्री बाळंत होते. एकीला पिल्लू होते, दुसरीला मूल. एकाच घरात वाढणाऱ्या या दोघांसाठी भाषेने आधीच वेगळी दालने करून ठेवली आहेत. ‘कुत्रे’ लिहिले की मागोमाग ‘ते’ येते, ‘कुत्रा’ लिहिले की ‘तो’. स्टेपल्डन यांना इंग्रजीतही निर्जीव वस्तूचे सर्वनाम टाळावे लागले. परंतु तो निर्णय एका शब्दापुरता होता. मराठीत तो क्रियापदापर्यंत झिरपतो. सर्वत्र ‘तो’ योजावा, तर ज्या समाजाने सिरिअसला कधी ‘तो’ मानले नाही त्याची क्रूरता बोथट होते. म्हणून सर्वनाम बोलणाऱ्यागणिक बदलू देणे हाच मार्ग इष्ट दिसतो. अखेरीस बंदुका घेऊन त्याच्या मागावर निघालेल्या माणसांच्या तोंडी ‘ते मेले’ असावे. प्लॅक्सीच्या तोंडी मात्र ‘तो गेला’ याखेरीज दुसरे काही शोभणार नाही.