चेन्ननचा माळा

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमच्या विद्यार्थ्यांना एक पुस्तिका वाटण्यात आली. विषय होता, आपत्तीसाठी घराची पूर्वतयारी. कागद गुळगुळीत, चित्रे रंगीत. टॉर्च, जादा सेल, छोटा रेडिओ, प्रथमोपचाराची पेटी, तीन दिवस पुरेल एवढे पाणी आणि कोरडे खाणे, महत्त्वाची कागदपत्रे पाणी शिरणार नाही अशा पिशवीत. पाणी चढू लागले की विजेचे मुख्य बटण बंद करावे, गॅस बंद करावा आणि घरातील सर्वांनी आधी ठरवलेल्या उंच, सुरक्षित जागी जावे. चित्रातल्या घराला जिना होता. वर्गातल्या एका मुलीने पुस्तिका चाळली आणि विचारले, "सर, आमच्या घराला वरचा मजलाच न्हाई. मग आमी कुटं जायचं?" प्रश्न हसण्यासारखा नव्हता, तरी वर्ग हसला. तीही हसली.

त्याच आठवड्यात मी त्याच वर्गाला तकषी शिवशंकर पिल्लै यांची 'वेळ्ळप्पोक्कत्तिल्', म्हणजे 'पुरात', ही कथा सांगितली. मल्याळम मला येत नाही. इंग्रजी अनुवाद हाताशी धरून मराठीत सांगितली. सांगता सांगता लक्षात आले की पुस्तिका आणि कथा या दोन्ही मजकुरांचा विषय एकच आहे: पाणी येते आहे असे कळल्यावर माणसाने घराचे काय करावे? म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याचा हा प्रयत्न.

कथा कुट्टनाडची, समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या भातशेतीच्या मुलखातली. १९२४ च्या केरळातल्या महापुराची स्मृती तिच्यामागे आहे. गावातली सर्वांत उंच जागा म्हणजे देऊळ, आणि तिथेही देव गळ्याइतक्या पाण्यात उभा. गावकरी कोरडी जमीन शोधत निघून गेलेले. ज्या घराची होडी आहे त्या घराने राखणीला एक माणूस ठेवलेला. चेन्नन हा परयन जातीचा, जमीनदाराचा माणूस. मालक जीव घेऊन काठाला लागला त्याला तीन दिवस झाले. चेन्ननकडे होडी नाही. घरात बायको गरोदर, चार मुले, एक मांजर, एक कुत्रा. शेवटी छपरावरून हाका मारून त्याने एक होडी थांबवली. बायकोमुले, मांजर होडीत चढली. कुत्रा त्या वेळी छपराच्या दुसऱ्या अंगाला होता; तो राहिला. पुढची सारी कथा त्या कुत्र्याची.

बहुतेक वाचकांना कुत्राच आठवतो. मला मात्र कथेच्या सुरुवातीची चार वाक्ये सोडवत नाहीत. पाणी घरात डोकावू लागले त्याच वेळी चेन्ननने झावळ्यांचे देठ आणि काठ्या बांधून माळा केला. पाणी लवकर उतरेल या हिशेबाने दोन दिवस घरचे त्यावर बसून राहिले. आणि आणखी एक कारण होते. दारात केळीचे चार-पाच घड होते, गवताची गंजी होती. घर सोडले तर ते दुसरेच कोणी नेणार.

पूर्वतयारीचे हे चित्र पुस्तिकेत बसत नाही. पुस्तिकेच्या भाषेत चेन्नन हा 'वेळीच स्थलांतर न करणारा' नागरिक, आणि अशा नागरिकावर तिचे औषध एकच, जनजागृती. चेन्नन जागाच आहे. त्याने साहित्य जमवले, माळा बांधला, पाण्याचा अंदाज घेतला, काय वाचेल आणि काय जाईल याची बेरीज-वजाबाकी केली. त्याचा अंदाज चुकला हे खरे. पण ज्याच्याकडे केळीच्या चार घडांपलीकडे काही नाही, त्याला ते घड जाणे म्हणजे पूर ओसरल्यावरची उपासमार. आज मरायचे की महिन्याने, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे. तकषींनी तो भाष्य न करता, जवळजवळ जाता जाता सांगितला आहे, आणि तिथेच त्यांचे मोठेपण आहे.

मी वारणाकाठचा. पोरांना ही कथा सांगताना माझ्या डोळ्यांपुढे आमची वस्ती होती. ती गावाच्या उताराला का आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. 'बेगमी' हा शब्द आमच्या घरात होता, आपत्ती व्यवस्थापन नव्हते. मिरगाच्या आधी आई गोवऱ्या आणि काटक्या वाशांवर टाकलेल्या फळ्यांवर चढवायची. काड्यापेटी, मीठ आणि रॉकेलची बाटली तिथेच. पण बेगमीलाही उरलेले धान्य लागते. ज्या घरात आठवड्याच्या बाजारी आठवड्याचेच येते, त्या घराला 'तीन दिवसांचे कोरडे खाणे बाजूला ठेवा' हे सांगणे सोपे आहे.

एक गोष्ट मात्र आई कधी विसरली नाही. आढ्याला एक पिशवी टांगलेली असायची, खताच्या पोत्याच्या आतली जाड प्लॅस्टिकची. तिच्यात शिधापत्रिका, वडिलांचे दाखले, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. आजोबा दोनच वर्षे शाळेत गेले, पण त्या दोन वर्षांपुरते त्यांचे नाव जातीसकट एका वहीत लागले. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागतात. ज्यांच्या बापजाद्यांना ना सातबारा ना शाळा, त्यांच्या घरात असा कागद बहुधा एकच असतो. २००५ च्या पुरात मी बारावीला होतो. अंधारात गुडघाभर पाण्यातून आम्ही शाळेकडे निघालो तेव्हा आईच्या डोक्यावर भांडे नव्हते, ती पिशवी होती. त्या कागदावर पुढे माझा दाखला निघाला, शिष्यवृत्ती मिळाली, नोकरी मिळाली. तेव्हा 'कागदपत्रे पिशवीत ठेवा' या ओळीची मी चेष्टा करणार नाही. आपल्या काही तरुण कार्यकर्त्यांना अशी प्रत्येक सूचना म्हणजे मध्यमवर्गीय शहाणपण वाटते. त्यांना मला सांगायचे आहे की पुस्तिका लिहिणाऱ्याला सुचायच्या कितीतरी आधी माझ्या निरक्षर आईला ते सुचले होते. माझे भांडण त्या सूचनेशी नाही. जी बाई हे आधीच करते आहे तिला पुस्तिका अडाणी समजते, याच्याशी आहे.

२०१९ च्या ऑगस्टात तर आमच्या वस्तीने चेन्ननचीच चूक केली. २००५ च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर होत्या. यापुढे पाणी जायचे नाही असे सगळे धरून चालले. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी ती ५७ च्याही वर गेली. नाव आली तेव्हा आईने पहिला प्रश्न केला, "आरं, शेरडं कुटं ठिवू? त्यास्नी कोन घेतंय नावंत?" मी शहरातून फोनवर ओरडत होतो. प्राध्यापक मुलगा आईला पुस्तिकेच्या भाषेत बोलत होता, हे मला फार उशिरा कळले. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खचाखच भरलेली नाव उलटली आणि माणसे बुडाली. 'वेळीच बाहेर पडा' असे सांगणाऱ्याने किती नावा आहेत हेही सांगायला हवे.

आता कथेकडे परततो, कारण माझी तकषींशीही तक्रार आहे.

देवळात साडेतीनशेच्या वर माणसे आहेत, मुले आहेत, कुत्री, मांजरे, शेळ्या, कोंबड्या आहेत, आणि सारी एकोप्याने नांदत आहेत, असे कथा सांगते. चेन्नन तिथे का गेला नाही, हे ती सांगत नाही. पाणी चढत असताना तीन दिवस हा माणूस आपल्या छपराखाली थांबला. होडी नव्हती हे एक कारण झाले. पण त्रावणकोर संस्थानात मंदिरप्रवेशाची घोषणा झाली १२ नोव्हेंबर १९३६ ला. त्यापूर्वी परयनाला आणि पुलयनाला देवळाचे दार बंद होते. महापुराच्या त्याच १९२४ साली, कुट्टनाडपासून फार दूर नसलेल्या वैकोमला, देवळाभोवतीच्या नुसत्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून सत्याग्रह सुरू होता. पुराचे पाणी त्या रस्त्यांवरही आले. सत्याग्रही पाण्यात उभे राहिले, आणि त्यांना अडवणारे पोलीस होडीत बसून पहारा करत राहिले. पुराने रस्ता बुडवला, बंदी बुडवली नाही. हे ज्याला माहीत आहे, त्याला देवळातल्या त्या एकोप्याच्या वाक्यापाशी थांबावेच लागते. त्या एकोप्यात चेन्नन धरला आहे काय? कुत्रा आणि कोंबडी मोजली आहे. परयन मोजला आहे काय?

कोणी म्हणेल, लेखकाने उपरोधाने लिहिले आहे. असेलही. ज्याने १९४७ मध्ये 'तोट्टियुडे मकन्' लिहून सफाई कामगाराला कादंबरीचा नायक केले, त्याला जात दिसत नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु होडीत बसल्यानंतर चेन्ननचे कुटुंब कथेतून नाहीसे होते. ते कोणत्या काठाला उतरले, तिथे त्यांना कोणी जागा दिली, गरोदर बाईचे काय झाले, हे काहीच कळत नाही. लेखकाची सारी करुणा छपरावर मागे राहिलेल्या मुक्या जनावराकडे वळते. रात्री केळीचे घड चोरायला आलेल्यांवर ते भुंकते, मालकाच्या घराची राखण करते, मार खाते, मरते. पाणी ओसरल्यावर चेन्नन त्याला शोधत येतो. एका कुत्र्याचे प्रेत सापडते, एक कान तुटलेला, कातडे कुजल्याने रंगही कळत नाही. आपलाच की दुसऱ्याचा, त्याला ओळखता येत नाही. हा शेवट असामान्य आहे. वर्गातली पोरे गप्प झाली. पण मला वाटते, ज्या घरात होडी होती त्यांनी राखणीला माणूस ठेवला आणि ज्या घरात नव्हती त्यांचा कुत्राच राखणदार झाला, हे लेखकानेच दिलेले सूत्र टीकाकारांनी उचलायला हवे होते. कुत्र्याच्या इमानावर बोलणे सोपे असते.

जुनी गोष्ट म्हणून हे बाजूला टाकता येत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या बाजूला दलित कुटुंबांना मदत छावण्यांत वेगळे ठेवल्याच्या, पाणी आणि अन्न नाकारल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. पुढल्याच वर्षी झालेल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात, कलम ६१ मध्ये, मदत देताना लिंग, जात, जमात, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करू नये असे लिहावे लागले. कायदा हे मान्य करतो. पुस्तिका करत नाही. २००५ ला आमच्या गावच्या शाळेत आमच्या वस्तीला गळका खोली-वर्ग मिळाला आणि जेवणाची पंगत शेवटची. कोणी तोंडाने काही बोलले नाही. सगळे जणू आधी ठरवून ठेवलेले होते, पुस्तिका म्हणते तसे.

मात्र 'गरिबाचे घर आधी पडते' हे सूत्रही डोळे मिटून वापरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर येऊन. गवतापाल्याच्या हलक्या झोपडीत निजलेले बरेच वाचले. घर कशाचे आहे आणि संकट कोणते, हे पाहूनच बोलावे. पूर मात्र जागा पाहतो, आणि गावात जागा वाटून दिलेल्या आहेत.

आपल्या साहित्याबद्दलही एक बोलतो. आपण मदतीतल्या अन्यायावर लिहिले, आणि लिहिलेच पाहिजे. पण आपल्या बायांनी पावसाळ्याआधी घर कसे बांधून काढले, काय वर चढवले, काय सोडायचे ठरवले, याच्याकडे आपले लक्ष गेले नाही. महारकीच्या कामात गावाला सांगावा पोचवणे होते, रात्रीची राखण होती. नदी चढते आहे हे ज्याला आधी दिसायचे, त्याचे घर आधी बुडायचे. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. ते ज्ञान कोणाकडे गेले, याचा शोध कोणी घेतला नाही.

ही कथा झाल्यावर मी पोरांना पुस्तिका पुन्हा उघडायला लावली आणि तिच्यातल्या 'उंच, सुरक्षित जागा' या शब्दांपुढे आपापल्या गावातल्या जागेचे नाव लिहायला सांगितले. बहुतेकांनी शाळा लिहिली, काहींनी देऊळ. मग विचारले, किल्ली कोणाकडे असते? शेळ्या घेतात काय? मागच्या पुरात तुमच्या वस्तीला कोणती खोली मिळाली? चौघांना किल्लीचे नाव सांगता आले. ज्या मुलीने पहिला प्रश्न केला होता तिने दुसऱ्या दिवशी तिघा-चौघांना बरोबर घेऊन आपल्या ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला: पुराच्या वेळी शाळेची किल्ली कोणाकडे असेल, आमच्या आळीला कोणती खोली, आणि जनावरांची सोय काय. अर्जाची पोच घेतली आहे. पावसाळ्याला दीड महिना आहे, उत्तर अजून आलेले नाही.