पन्हाळ्याचा तट आणि 'निम्नस्तरीय' वनस्पती

जुलैअखेर पन्हाळ्याला गेलो होतो. तीन दरवाज्याजवळच्या तटाचा हातभर पट्टा खरवडलेला दिसला. दगड उघडा पडलेला, खाली चिखलात हिरव्या गादीचे तुकडे. एका महाविद्यालयाची सहल नुकतीच पुढे गेली होती. प्रत्येकाला जर्नलसाठी 'नमुना' हवा. चाळीस विद्यार्थी म्हणजे चाळीस नमुने. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेले हे नमुने कोल्हापुरात पोचेपर्यंत काळवंडणार, हे सांगायला कोणी नव्हते.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मॉस, रिक्सिया, मार्केन्शिया यांविषयी आपण वर्गात जे सांगतो त्यातून वेगळे काही घडणेच कठीण आहे. नववीच्या २०१७ च्या पुस्तकात 'वनस्पतींचे वर्गीकरण' या पाठात ब्रायोफायटा हा गट थोडक्यात येतो. 'वनस्पतिसृष्टीचे उभयचर' ही तिथली उपमा चांगली आहे, मुलांच्या लक्षात राहते. पण त्यापुढे आपण शिक्षक काय करतो? नकारांची यादी फळ्यावर लिहितो. खरी मुळे नाहीत, पाणी वाहून नेणाऱ्या ऊती नाहीत, फूल नाही, बी नाही, म्हणून 'निम्नस्तरीय'. भाषाही मदतीला येत नाही. विहिरीतल्या पाण्यावरचे ते शेवाळ आणि तटावरचे तेही शेवाळच. दोन अगदी वेगळे गट मुलांच्या डोक्यात एकच होऊन बसतात.

आमचा आक्षेप असा की या 'नाही'च्या यादीतच या वनस्पतींचे खरे वैशिष्ट्य दडले आहे आणि आपण ते उघडतच नाही. ज्या झाडाला साल नाही, काटा नाही, जाड त्वचा नाही, त्याने किड्यांपासून, गोगलगायींपासून आणि बुरशीपासून स्वतःला वाचवायचे कसे? उत्तर रसायनांत आहे. यकृतकांच्या, म्हणजे लिव्हरवर्टच्या, बहुतेक जातींच्या पेशींत तैलपिंड असतात. आवरण असलेले हे थेंब दुसऱ्या कोणत्याही वनस्पतिगटात आढळत नाहीत. त्यांत टर्पिन आणि बिसबायबेंझिल वर्गांतील सुगंधी, कडू, तिखट द्रव्ये साठवलेली असतात. जपानमध्ये योशिनोरी असाकावा यांनी आयुष्यभर याच द्रव्यांचा अभ्यास केला. मार्केन्शियातील मार्कॅन्टिन हे त्यांतलेच एक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तैलपिंड नसलेले मार्केन्शियाचे उत्परिवर्तित वाण जमिनीवरच्या कवचधारी किड्यांपुढे ठेवले, तर त्यांनी ते आवडीने फस्त केले; तैलपिंड असलेल्यांना मात्र फारसे तोंड लावले नाही. साधा, नेमका प्रयोग! दहावीच्या मुलालाही तो समजेल.

दुसरा नकार घ्या. मॉसला मुळे नाहीत आणि पानावर मेणाचा थरही जवळजवळ नाही, म्हणून ते पाऊस आणि धूळ यांतले सगळे अंगावर घेते. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस याचा उपयोग हवेतले शिसे, कॅडमियम असे जड धातू मोजण्यासाठी सुरू झाला. युरोपातील अनेक देशांत १९९० पासून दर पाच वर्षांनी मॉस गोळा करून अशी पाहणी होते.

इथे एक तक्रार आपल्या विज्ञानलेखनाविषयीही केली पाहिजे. मॉसचे उपयोग म्हटले की स्फॅग्नम आणि पहिल्या महायुद्धातील जखमांवरच्या पट्ट्या एवढेच येते. ते खरे आहे. स्फॅग्नम स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट पाणी धरते आणि आम्लतेमुळे त्यात जिवाणू फोफावत नाहीत. पण ते थंड दलदलींचे मॉस; तटावर शोधायला गेलेला विद्यार्थी हिरमुसून परत येईल. त्याहून वाईट म्हणजे मार्केन्शिया यकृतासारखे दिसते म्हणून यकृतावर औषध, ही युरोपातली जुनी समजूत 'औषधी उपयोग' म्हणून अजून छापली जाते. आकारावरून गुण ठरत नाहीत. प्रयोगशाळेत एखाद्या द्रव्याने बुरशी मारली म्हणजे ते औषध झाले, असेही नव्हे. शिवाय औषधाची आवई उठली की उपटणे सुरू होते. उत्तराखंडात मॉस पोत्यांनी गोळा करून विकले गेले आहे. तिथेच नैनितालजवळ खुर्पाताल येथे वनखात्याने २०२० साली मॉस उद्यान उघडले. खरे औषध तयार करायचे तर भिंत खरवडावी लागत नाही. जर्मनीत फिस्कोमिट्रेला हे मॉस काचपात्रांत वाढवून फॅब्री या आनुवंशिक रोगासाठी लागणारे विकर बनवले गेले. त्याची माणसांवर प्राथमिक चाचणीही झाली आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत आला. आता साफसफाईचा उत्साह वाढेल. शिल्पावरचे, शिलालेखावरचे, सांध्यातले मॉस काढावे लागते हे मान्य. ते ओल धरून ठेवते. पण मॉसचे मूलाभ पृष्ठभागाशीच राहतात. तट फोडतो तो पिंपळ आणि वड. त्यांची रोपे तशीच ठेवून हिरवी गादी घासून काढणे, त्यासाठी तीव्र रसायने ओतणे, हा आम्हाला उलटा न्याय वाटतो. गडाच्या उतारावरच्या, बांधकामापासून दूरच्या कातळांना तर हात लावण्याचे कारणच नाही.

सहलीचे म्हणाल तर दहापट भिंग आणि चित्र काढायची वही पुरते. वाळके मॉस काळे दिसते, त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. थोड्याच वेळात पाने उघडतात. नमुना हवाच असेल तर पूर्ण वर्गासाठी नखाएवढा एक, कागदाच्या घडीत. तैलपिंड मात्र वाळल्यावर बहुधा नाहीसे होतात, त्यामुळे जर्नलमधल्या चिकटवलेल्या तुकड्यात ते कधीच दिसणार नाहीत. ते पाहायचे तर सूक्ष्मदर्शकच पन्हाळ्यावर न्यायला हवा. एक सूक्ष्मदर्शक, एक बाटली पाणी आणि तटापासून दूर, उतारावरच्या यकृतकाचा एक ताजा तुकडा.