पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ आणि करुणेचा पुरावा

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राचीं साधनें आतां अभ्यासकांस बऱ्याच अंशीं सुलभ झालीं आहेत. १८८२ सालची ‘स्त्रीधर्मनीति’, १८८७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेला ‘द हाय-कास्ट हिंदु वूमन’ हा ग्रंथ, १८८९ सालचें अमेरिकेचें प्रवासवृत्त आणि १९०७ सालची ‘ए टेस्टिमनी’ ही आत्मकथनपर पुस्तिका हीं सर्व पुनःपुन्हां वाचलीं जात आहेत. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं अ. भि. शहा यांच्या संपादनाखालीं छापून निघाला. देवदत्त नारायण टिळकांचें १९६० सालचें मराठी चरित्रही प्रसिद्धच आहे. असें असून पंडिताबाईंविषयींची चर्चा बहुधा एकाच मुद्यापाशीं अडून राहते : त्यांचें धर्मांतर योग्य कीं अयोग्य ? या वादाच्या धुरळ्यांत त्यांच्या सेवाकार्याचा पुरावा पुरावा म्हणून तपासण्याचें काम मागें पडलें. ख्रिस्ती प्रीति आणि दया यांविषयीं ‘साक्षें’त जीं विधानें आलीं आहेत, तीं इतर कागदांशीं ताडून पाहावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथाचें स्वरूप पाहिलें पाहिजे. ‘साक्ष’ हा ख्रिस्ती वाङ्मयांतील एक ठरीव प्रकार आहे. आधीं अज्ञान, मग शोध, शेवटीं प्रकाश, अशी त्याची मांडणी असते. आणि या मांडणीस पूर्वस्थिति व उत्तरस्थिति यांतील विरोध ठळक करणें आवश्यक असतें. शिवाय ही पुस्तिका मूळ इंग्रजींत लिहिलेली असून घडलेल्या गोष्टींनंतर वीस वर्षांहून अधिक काळानें लिहिलेली आहे. बखर वाचतांना आपण जी सावधगिरी बाळगतों, म्हणजे लेखक कोणासाठीं लिहितो, केव्हां लिहितो आणि त्यास काय सिद्ध करावयाचें आहे हें आधीं विचारतों, तीच येथेंही बाळगली पाहिजे. यांत पंडिताबाईंच्या सत्यनिष्ठेवर संशय घेण्याचें कारण नाहीं. सत्यनिष्ठ माणसाची स्मृतिदेखील ग्रंथाच्या प्रयोजनाप्रमाणें निवड करीत असते.

या पुस्तिकेंतील आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें स्थळ म्हणजे फुलहॅमचा वृत्तांत. १८८३ सालीं पंडिताबाई इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील सेंट मेरी दि व्हर्जिन या भगिनीमंडळाच्या आश्रयास राहिल्या. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. लंडनांतील फुलहॅम येथें या मंडळाचें एक गृह होतें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथें आसरा मिळे. अशा स्त्रियांसाठीं कांहीं करावयाचें असतें हें आपणांस तेथें प्रथमच कळलें, असें त्या लिहितात. तेथील कित्येक स्त्रिया, ज्या स्वतः एके काळीं त्याच अवस्थेंत होत्या, त्या पुढें रोगी व दुर्बळ माणसांच्या सेवेस वाहून घेऊन राहिल्या होत्या, असेंही त्या नमूद करतात. या दयेचें मूळ काय असें त्यांनीं एका भगिनीस विचारलें असतां तिनें योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांतील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविली. त्यांच्या मनाचा कल फिरला तो तत्त्वचर्चेनें नव्हे; हें गृह व ही कथा, या दोहोंनीं फिरला. ग्रंथांतील हा भाग आम्हांस सर्वांत विश्वसनीय वाटतो, कारण त्यांत सिद्धांत थोडा आणि पाहिलेलें अधिक आहे.

परंतु याच स्थळीं त्यांनीं जोडलेलें दुसरें विधान तपासणीस उतरत नाहीं. आपल्या देशांत हिंदूंनीं अशा स्त्रियांकरितां असें कांहीं केल्याचें आपण पाहिलें वा ऐकलें नव्हतें, असें त्या म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या अनुभवापुरतें हें खरें मानण्यास हरकत नाहीं. भारताचा इतिहास म्हणून मात्र तें स्वीकारतां येत नाहीं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें होतें व फसलेल्या विधवांस तेथें निर्भयपणें बाळंत होतां येत असे. पंढरपूर येथें प्रार्थनासमाजाचें टाकलेल्या अर्भकांसाठीं असलेलें गृह १८७५ पासूनचें. हीं दोन्हीं कार्यें रमाबाई विलायतेस जाण्यापूर्वींचीं, आणि दोन्हीं महाराष्ट्रांतील. ‘साक्षें’तील वाक्य उचलून त्यावरून हिंदु समाजांत करुणा नव्हतीच असा निष्कर्ष काढणारे लेखक एका व्यक्तीच्या न पाहण्यास समाजाच्या नसण्याचा पुरावा करतात. संशोधनाच्या पद्धतींत हें बसत नाहीं.

याहून सूक्ष्म पुरावा खुद्द १८८७ च्या ग्रंथांतच आहे. त्यास रेचल बॉडली या अमेरिकन विदुषीची प्रस्तावना आहे. दुष्काळांत रमाबाईंची माता वारली तेव्हांचा प्रसंग तींत आला आहे. कुटुंब निराधार, प्रेत उचलण्यास माणसें मिळेनात, दहनभूमि तीन मैलांवर. शेवटीं दोघां ब्राह्मणांना दया आली. त्यांच्या मदतीनें भाऊ व बहीण यांनीं आईचें प्रेत नेलें, आणि उंची कमी पडल्यामुळें रमाबाईंना आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला. या वृत्तांतांत समाजाची उपेक्षा जशी नोंदली आहे तशीच त्या दोन अनामिकांची दयाही नोंदली आहे. वीस वर्षांनंतरच्या ‘साक्षें’त विरोधाचा रंग गडद झाला आहे. एकाच जीवनाचीं दोन कथनें पुढें असतां आधीचें अधिक गुंतागुंतीचें व नंतरचें अधिक सरळ असेल, तर आम्ही आधीच्यास अधिक वजन देतों.

मग ख्रिस्ती धर्मापासून पंडिताबाईंना नवीन असें काय मिळालें ? आमच्या मतें दया मिळाली नाहीं. ती त्यांच्यापाशीं होती. मिळाली ती दयेची रीति. दाराशीं आलेल्यास देणें ही एक वृत्ति. जो दाराशीं येऊं शकत नाहीं त्याला शोधीत जाणें, त्याचा पूर्वेतिहास न विचारतां त्याला घरांत घेणें, आणि सेवा घेणाऱ्यालाच पुढें सेवा करणारा बनविणें, ही दुसरी. फुलहॅम येथें त्यांनीं दुसरी पाहिली. पुढें केडगांव येथें मुक्तिसदनाच्या आवारांत पतित स्त्रियांसाठीं जें गृह उभें राहिलें त्यास ‘कृपासदन’ हें नांव मिळालें. वृद्ध व अपंग स्त्रियांचें ‘प्रीतिसदन’ झालें. आंधळ्यांसाठीं वेगळी सोय झाली आणि पंडिताबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनीं ब्रेल लिपि शिकून घेऊन ती आंधळ्या स्त्रियांना शिकविली. ज्यांचें लग्न होणार नाहीं, ज्यांस माहेर नाहीं, ज्यांच्या हातून मोठें काम होणार नाहीं, अशांसाठीं हीं घरें होतीं. करुणेचा आमच्या मतें अव्वल दर्जाचा पुरावा हाच : ज्यांच्यापासून कांहींच परत मिळण्यासारखें नव्हतें त्यांना आंत घेतलें गेलें.

या रीतीला त्यांच्या स्वतःच्या भुकेची जोड होती हें विसरून चालणार नाहीं. १८९७ सालीं त्यांनीं दुष्काळाच्या अनुभवांवर एक इंग्रजी पुस्तिका लिहिली. तींत १८७४ ते १८७७ या काळांत मद्रास इलाख्यांत आपल्या कुटुंबाची झालेली अन्नान्नदशा त्यांनीं सांगितली आहे. शेवटचा दाणा संपल्यावर तिरुपतीजवळच्या रानांत अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचा वृत्तांत त्यांत आहे. त्याच पुस्तिकेंत मध्यप्रांतांतील छावण्यांचें वर्णन आहे, आणि निराधार तरुण मुलींना फूस लावून नेण्यास टपलेल्या दुष्टांचेंही आहे. तेथून त्यांनीं सुमारे तीनशें मुली व स्त्रिया आणल्या. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनांतील संख्या दीड हजारांच्या वर गेली. उच्चवर्णीय विधवांसाठीं १८८९ सालीं मुंबईंत आरंभिलेल्या शारदासदनापासून हें कार्य फार दूर आलें होतें. जात विचारण्याचें कारण आतां उरलें नव्हतें. भूक हाच दाखला.

आतां ज्या आक्षेपास उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं तो पाहूं. अन्नाबरोबर धर्म देणें ही करुणा कीं व्यवहार ? या प्रश्नाचे दोन काळ आहेत व ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला काळ शारदासदनाचा. तेथें धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं असें ठरलें होतें. मुली पंडिताबाईंच्या प्रार्थनेस बसतात म्हणून पुण्यांत गवगवा झाला, ‘केसरी’नें कडक टीका केली आणि १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें. पालकांनीं मुली विश्वासानें ठेवल्या होत्या; तो विश्वास कोठपर्यंत पाळला गेला हें विचारण्याचा त्यांना अधिकार होता, आणि रानडे-भांडारकरांसारख्या सहानुभूति असलेल्या पुरुषांनीं अंग काढून घ्यावें यास अर्थ आहे. टीकाकारांस केवळ द्वेष्टे ठरविणारे चरित्रकार येथें पुराव्यास न्याय देत नाहींत. मात्र याच सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिचा १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, आणि कर्व्यांनीं १८९६ पासून विधवांसाठीं जें कार्य उभारलें तें ख्रिस्ती नव्हतें. सदनाचें फळ धर्मांतराच्या मापानें मोजतां येत नाहीं तें असें.

दुसरा काळ केडगांवचा. येथें संस्था उघडपणें ख्रिस्ती होती. कोणाची फसवणूक नव्हती. तथापि ज्या पोरक्या मुलींस दुसरें घरच नव्हतें त्यांची धर्मांतरास संमति कितपत स्वतंत्र म्हणावी, हा प्रश्न उरतोच. आमचें मत असें कीं, हेतूवरून कृतीचें मोल खोडतां येत नाहीं व कृतीवरून हेतु निर्दोष ठरवितां येत नाहीं. भुकेनें मरणारें मूल वांचलें, ही गोष्ट बाप्तिस्म्यानें खोटी होत नाहीं. तें वांचलें म्हणून बाप्तिस्म्याचा प्रश्न विचारूंच नये, हेंही खरें नव्हे. दोन्हीं खातीं निरनिराळीं लिहावींत.

त्यांच्या दयेला ताठ कणा होता याचा पुरावा दोन ठिकाणीं सांपडतो. एक, १८९७ च्या प्लेगच्या वेळीं पुण्याच्या सरकारी व्यवस्थेंत मुलींची जी हेळसांड झाली तिच्याविरुद्ध त्यांनीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत उघड तक्रार केली. राज्यकर्ते आपल्याच नव्या धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहींत. दोन, १९७७ सालीं छापलेल्या पत्रांत सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं झालेला त्यांचा वाद. ज्यांनीं आश्रय दिला त्यांच्यापुढें बुद्धीचें स्वातंत्र्य गहाण टाकण्यास त्यांनीं नकार दिला. उपकृताची मान ताठ राहूं शकते हें त्यांनीं स्वतः अनुभवलें होतें. केडगांवच्या मुलींनाही ती मोकळीक कितपत मिळाली, याच कसोटीवर त्या कार्याची परीक्षा व्हावी. ही कसोटी बाहेरची नाहीं, त्यांच्याच पत्रांनीं दिलेली आहे.

शेवटचा पुरावा भाषेचा. ‘स्त्रीधर्मनीति’ची मराठी संस्कृतप्रचुर आहे. आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें जें भाषांतर केलें त्याचा रोख नेमका उलट आहे : अल्पशिक्षित बाईला वाचतां यावें अशी भाषा. नवा करार १९१३ सालीं निघाला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ सालीं केडगांवच्याच छापखान्यांतून बाहेर पडला व त्याच्या छपाईस तेथील स्त्रियांचेच हात लागले. शैलीच्या दृष्टीनें या भाषांतरास दोष देणाऱ्यांचें म्हणणें पुष्कळसें खरें आहे. तें ओबडधोबड वाटतें. पण लहानपणापासून संस्कृत जिभेवर असलेल्या विदुषीनें आपली विद्या खालच्या पायरीवर उतरवून बसविली, याचा अर्थ वाङ्मयीन कसोटीनें लागत नाहीं.

सारांश, ‘साक्ष’ हा ग्रंथ हिंदु समाजाच्या करुणाशून्यतेचा पुरावा नाहीं. करुणेला घराचें रूप कसें येतें याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे. त्याची छाननी पूर्ण व्हावयाची तर संग्राहकांचें साह्य हवें. थोरांचीं पत्रें जपलीं जातात. दुष्काळांत आलेल्या मुलीचें मूळ नांव, गांव, तिनें शिकल्यावर लिहिलेलें पहिलें पत्र, तिच्या पाठीवर नांव लिहिलेलें छायाचित्र, हें रद्दींत जातें. केडगांव, पुणें, गुजराथ येथील जुन्या घरांत असे कागद कोणाच्या दृष्टीस पडल्यास त्यांनीं ते किरकोळ म्हणून टाकूं नयेत. मुक्तिसदनांत आलेल्या दीड हजारांची बाजू ऐकल्यावांचून त्यांच्यावर केलेल्या दयेचा निकाल लावणें न्यायाचें होणार नाहीं. आणि ती बाजू, जर कोठें उरली असेल, तर अशाच चिठ्याचपाट्यांत आहे.