मुहर्रकचे मुहम्मद बिन फारिस: गाणे आणि गाणाऱ्याचे नाव

बहरीनला विमानाने गेलेला प्रत्येक माणूस मुहर्रकला पाय लावूनच पुढे जातो, कारण विमानतळ मुहर्रक बेटावरच आहे. नोकरीधंद्यानिमित्त आखातात गेलेल्या आपल्या अनेक लोकांनी हे गाव विमानाच्या खिडकीतून पाहिले असेल. पण या गावाने एक मोठा गवई दिला, आणि त्याच्या गाण्याचा धागा आपल्या मुंबईपर्यंत पोहोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांचे नाव मुहम्मद बिन फारिस. जन्म मुहर्रकमध्ये 1895 साली, मृत्यू 1947 साली.

त्यांच्या गाण्याच्या प्रकाराला ‘सौत’ म्हणतात. अरबीत सौत म्हणजे आवाज. मोत्यांच्या व्यापारावर जगणाऱ्या बहरीन आणि कुवेत या बंदरांचे हे बैठकीचे गाणे आहे. गवई स्वतः ऊद वाजवीत गातो. जोडीला व्हायोलिन असते आणि मिरवास नावाची, हातात मावणारी, दोन तोंडांची छोटी ढोलकी. बाकी ताल श्रोत्यांच्या टाळ्यांचा. या टाळ्या कौतुकाच्या नव्हेत. त्यांचे बोल ठरलेले असतात आणि एकाच्या टाळीच्या फटीत दुसऱ्याची टाळी बसते. आपल्या कीर्तनात ध्रुपद आले की सगळी मंडळी सूर धरतात, तसा इथे ऐकणाराही वाजवणारा होतो.

आता मुंबईचा धागा. सौतला आजचे रूप देणारे म्हणून कुवेतचे अब्दुल्ला अल-फरज यांचे नाव घेतात. एकोणिसाव्या शतकात त्यांचे वडील मुंबईत व्यापारी होते. अब्दुल्ला मुंबईत वाढले आणि इथले संगीतही शिकले. बिन फारिस यांनीही आधी थोरल्या भावाकडून, अब्दुललतीफ यांच्याकडून, ऊद शिकून पुढे मुंबईत अब्दुलरहीम अल-असिरी या उस्तादाकडे धडे घेतले, असे सांगतात. यात नवल नाही. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात येत आणि बहरीनमध्ये 1965 पर्यंत रुपयाच चालत असे. जिथे माल जातो तिथे गाणेही जाते. आपले आजोबा ज्या मुंबईत सुतारकाम, कारकुनी आणि शिक्षकी करीत होते, त्याच मुंबईत आखाताचे गाणे घडत होते.

बिन फारिस यांच्या ध्वनिमुद्रिका 1930 च्या दशकातल्या आहेत. त्या आज ऐकताना दोन गोष्टी जाणवतात. पहिली म्हणजे त्यांना कसली घाई नाही. ऊदचे सूर आधी जागा करून देतात आणि मग आवाज त्या जागेत येऊन बसतो. ओळीच्या शेवटी ते आवाज चढवून टाळी मागत नाहीत. शब्द बहुतेक जुन्या कवींचे असतात आणि चालीचाही पुष्कळ भाग वडिलोपार्जित. मग यात त्यांचे स्वतःचे काय? कुठे थांबायचे, कोणता शब्द पुन्हा घ्यायचा, ऊदने कुठे उत्तर द्यायचे, ही सारी निवड त्यांची. लोकगीतालाही कर्ता असतो, हे त्यांचे गाणे ऐकून पटते.

दुसरी गोष्ट उणीव म्हणून सांगितली पाहिजे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटेच मावत. रात्रभर चालणारी बैठक एवढ्या वेळात कशी बसणार? गाणे तोडावे लागे आणि श्रोते गाण्याबाहेर राहात. सौत मुळात ज्या घरांत रंगे त्यांना ‘दार’ म्हणतात. त्या दारांतली मोकळीक तबकडीत येत नाही. म्हणून फक्त तबकड्यांवरून बिन फारिस यांची पारख करणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. पण तबकडीने एक उपकार मात्र केला. तिच्या मधल्या कागदावर गवयाचे नाव छापलेले असे.

मुहर्रकने ते नाव जपले. त्यांचे घर आज संगीताचे स्मारक आहे आणि शेजारच्या दालनात सौतच्या बैठकी होतात. इथे एक गोष्ट विसरता कामा नये. बिन फारिस अल-खलिफा या राज्यकर्त्या घराण्यातले होते. अशा माणसाचे घर राखायला हात पुष्कळ मिळतात. ज्याच्या पाठीशी घराणे नाही, त्याचे काय होते?

याचे उत्तर शेजारच्या कुवेतमधल्या दोन यहुदी भावांच्या कहाणीत आहे. सालेह (1908–1986) आणि दाऊद (1910–1976) अल-कुवेती लहान असताना त्यांच्या काकांनी हिंदुस्थानातून येताना एक व्हायोलिन आणि एक ऊद आणला. तोच त्यांच्या आयुष्याचा आरंभ. सौतपासून सुरुवात करून दोघे बगदादला गेले. 1936 साली इराकचे रेडिओ केंद्र सुरू झाले तेव्हा त्याचा वाद्यवृंद सालेह यांनी उभा केला. सलीमा मुराद यांच्यासाठी त्यांनी बांधलेल्या चाली सगळ्या देशाच्या ओठी बसल्या. 1940 च्या दशकाच्या अखेरीस बगदादमध्ये निघालेल्या ‘आलिया व इसाम’ या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. बिन फारिस बैठकीचे गवई, तर सालेह रचनाकार: वाद्यांची प्रस्तावना, गायिकेच्या गळ्याचा अंदाज, एका मकामातून दुसऱ्यात सफाईने जाणे.

1951 साली दोघे भाऊ इस्रायलला आले. तेल अवीवच्या हतिकवा वस्तीत त्यांनी घरगुती सामानाचे दुकान थाटले आणि ‘कोल इस्रायल’च्या अरबी कार्यक्रमात वाजवत राहिले. तिकडे इराकमध्ये त्यांची गाणी चालूच होती, पण पुढे सरकारने त्यांची नावे काढून टाकली आणि गाणी ‘पारंपरिक’ ठरवली. इकडे, आपल्या देशात, अरबी गाण्याला त्या काळी कोण विचारीत होते? दोन्हीकडून उपेक्षा. भावांनी आपल्या मुलांनाही संगीतापासून दूर ठेवले. अखेर दाऊद यांचा नातू, त्यांचेच नाव लावणारा दुदू तासा, याने 2011 साली आजोबांची गाणी नव्या वाद्यांसह काढली. त्याआधी 2009 साली हतिकवा वस्तीतल्या एका रस्त्याला या भावांचे नाव मिळाले.

आता आपल्याकडे पाहू. 1931 सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाची कथा आपल्या जोसेफ डेव्हिड यांची. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही, पण नाव राहिले आणि आपण ते अभिमानाने सांगतो. सालेह यांचे उलटे झाले: काम राहिले, नाव गेले. बिन फारिस यांचे दोन्ही राहिले.

आणि आपल्या गाण्यांचे? 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठीत कीर्तने सुरू केली. अब्राहामाची, योसेफाची चरित्रे आपल्या आजीने त्या चालींवर ऐकली. मेंदीच्या रात्री, पाळण्यापाशी, मलिद्याच्या वेळी गायली जाणारी कितीतरी पदे आपल्याला पाठ आहेत. ती कोणी बांधली असे विचारले की आपण म्हणतो, ‘जुनी आहेत, पारंपरिक आहेत.’ बगदादच्या सरकारने जे जाणूनबुजून केले, ते आपण आळसाने करतो. फरक एवढाच.

आपल्याला मुहर्रकसारखे स्मारक बांधणे जमणार नाही. पण आठवत असलेले एक पद कागदावर उतरवणे जमेल. कर्त्याचे नाव माहीत नसले तर ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांचे नाव लिहावे. गाव लिहावे: अलिबाग, पेण, नौगाव, पनवेल, ठाणे. चाल नातवाच्या फोनवर गाऊन ठेवावी, आवाज कापरा असला तरी. बिन फारिस यांच्या तबकड्यांतही खरखर आहे. त्या खरखरीतूनच आज आपल्याला मुहर्रकचा गवई ऐकू येतो.